चव्वेचाळीस-चाळीसचा संसार

मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंत टीव्ही-रेडिओ दुरुस्तीच्या एखाद्या जुन्या दुकानात जाऊन ‘चव्वेचाळीस-चाळीसचा बोर्ड आहे का?’ असं विचारलं, तर दुकानदार उलट एवढंच विचारतो : ‘सिंगल की डबल?’ हा चव्वेचाळीस-चाळीस म्हणजे एलए४४४० नावाची आयसी. जपानच्या सॅन्यो कंपनीनं ती गाडीतल्या टेपरेकॉर्डरसाठी बनवली. एका ओळीत चौदा पाय आणि पाठीला धातूचा पत्रा, एवढाच तिचा जीव. पण मिनिडोरच्या सीटखाली, टेम्पोच्या डॅशबोर्डमागे, पानाच्या टपरीवर आणि घरच्या गणपतीच्या आराशीमागे गेली कित्येक वर्षं तीच गाते आहे. सॅन्योचा सेमीकंडक्टरचा धंदा २०११ मध्ये ऑन सेमीकंडक्टर या अमेरिकन कंपनीकडे गेला. आज गल्ल्यावर मिळते ती आयसी बहुधा दुसऱ्याच कुणीतरी बनवलेली असते. आकडा मात्र तोच.

तयार बोर्ड दोन-तीनशे रुपयांत येतो. म्हणून नवशिक्याचा पहिला अँप्लिफायर बहुतेक वेळा याच आयसीचा असतो, आणि तो चालू केल्यावर पहिल्यांदा ऐकू येतं ते गाणं नसतं, ‘घूंऽऽ’ असतं. मग आयसीला दोष दिला जातो, दुसरी आणली जाते, आणि घूं तशीच राहते. कारण आयसी हा या संसारातला सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत निर्दोष सदस्य आहे. तिच्याकडे करंट कुठून येतो, तिथून परत कुठल्या वाटेनं जातो आणि स्पीकर कशात बसवलाय, यावर आवाज ठरतो. या प्रकरणात आपण हा संसार मांडू, आणि मुख्यतः त्या परतीच्या वाटेवर नजर ठेवू.

सामान

अलिबाग, पेण, महाड इथं बोर्ड आणि स्पीकर मिळून जातात. ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक मनासारखे हवे असतील तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठायचा. मांडव्याहून लाँचनं गेटवेला, तिथून ग्रँट रोड. पावसाळ्यात लाँच बंद असतात, तेव्हा भाऊच्या धक्क्याची रो-रो किंवा वडखळमार्गे एसटी.

यादी छोटी आहे. ९-०-९ व्होल्टचा ३ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, १एन५४०८ जातीचे दोन डायोड, ४७०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा फिल्टर कंडेन्सर, हाताच्या पंजाएवढा अॅल्युमिनियमचा हीटसिंक, थर्मल पेस्ट, व्हॉल्यूमचा पॉट, दोन हात शिल्डेड वायर, फ्यूज आणि ४ ओहमचा स्पीकर.

दुकानदार हमखास १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर पुढे करतो. तो का घ्यायचा नाही, याचा हिशेब सोपा आहे. ट्रान्सफॉर्मरवरचा आकडा एसीचा असतो. डायोडनंतर कंडेन्सर भरतो तो लाटेच्या शिखरापर्यंत, म्हणजे १.४१४ पट. ९ व्होल्टचे १२.७ होतात, डायोड पाऊण व्होल्ट खातो, हाती १२ उरतात. १२ व्होल्टचे मात्र सोळाच्या वर जातात. या आयसीची चालू स्थितीतली मर्यादा १८ व्होल्टची. रात्री गावातला लोड कमी झाला की २३० च्या जागी २५० व्होल्ट येणं किनाऱ्यावर नवं नाही. त्यात ट्रान्सफॉर्मर रिकामा असताना थोडे जास्तच व्होल्ट देतो. म्हणजे आयसीला धोका फक्त आवाज मोठा असतानाच नाही, गाणं थांबवून सगळे जेवायला बसलेले असतानाही असतो.

जोडणी झाली की थेट मेनला लावू नये. मेकॅनिकच्या टेबलावर सिरीज बोर्ड असतो : वायरच्या वाटेत साठ किंवा शंभर वॉटचा जुना पिवळा बल्ब. अँप्लिफायर त्यातून चालू करायचा. बल्ब क्षणभर लुकलुकून विझत आला तर सगळं ठीक. कंडेन्सर भरला आणि शांत झाला. बल्ब पूर्ण पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. जे जळायचं ते बल्बनं स्वतःवर घेतलं. या एका बल्बनं जितक्या आयसी वाचवल्यात तितक्या कुठल्या पुस्तकानं वाचवल्या नसतील.

वॉटांचा हिशेब

बाजारात खोक्यावर ‘५००० वॉट पीएमपीओ’ लिहिलेलं असतं. आपला पुरवठा १२ व्होल्टचा. एकेरी जोडणीत आयसीचं आउटपुट निम्म्यावर, म्हणजे ६ व्होल्टवर उभं राहतं आणि वर-खाली हलतं. आतले ट्रान्झिस्टर प्रत्येक बाजूला व्होल्टभर खातात. उरले ५ व्होल्ट शिखराला, म्हणजे सरासरीच्या भाषेत साडेतीन. साडेतीनचा वर्ग भागिले ४ ओहम : ३ वॉट. कंपनी ६ वॉट सांगते, तेही खोटं नाही. पण ते १३.२ व्होल्टवर आणि आवाज १० टक्के फाटलेला चालवून घेतला तर. आयसीच्या दोन्ही बाजू उलटसुलट हलवून एकच स्पीकर त्यांच्यामध्ये बांधला, ज्याला ब्रिज म्हणतात, तर कंपनीचा आकडा १९ वॉट होतो. ‘डबल’ बोर्डवर अशा दोन ब्रिज असतात, डाव्या-उजव्या स्पीकरला एकेक. त्यापुढचे सगळे वॉट छापखान्यात तयार होतात.

३ वॉट ऐकून तोंड वाकडं करण्याचं कारण नाही. साधा बरा स्पीकर १ वॉटवर १ मीटर अंतरावर ८८ डेसिबल आवाज देतो. खोलीच्या दुसऱ्या टोकाला त्यातले ७८-८० उरतात. दोन माणसं बोलतात तेव्हा आवाज साधारण ६० डेसिबलचा असतो. म्हणजे घरात गाणं ऐकताना आयसी बहुतेक वेळ एका वॉटच्याही आतच काम करत असते. शिवाय कान वॉट मोजत नाही. पॉवर दुप्पट केली तर वाढतात ३ डेसिबल, जेमतेम जाणवतील एवढे. आवाज ‘दुप्पट’ वाटायला पॉवर दहापट लागते. ३ वॉटच्या जागी ६ वॉटचा अँप्लिफायर घेणं आणि ३ वॉटवर ९१ डेसिबलचा स्पीकर घेणं, दोन्ही कानाला सारखंच. स्पीकर घेताना वॉटपेक्षा हा आकडा विचारावा.

परतीची वाट

आता त्या घूंकडे येऊ, पण जरा वळसा घेऊन. अलिबागच्या समुद्राकाठी एक चुंबकीय वेधशाळा आहे. ती तिथं आली त्याचं कारण मुंबईची ट्राम. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद होत होती. शहरात घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांना पुढचं संकट दिसलं. ट्रामचा करंट डोक्यावरच्या तारेतून येतो आणि रुळांतून परत जातो. पण रूळ जमिनीवर आहेत, जमीनही थोडीफार वाहक आहे; परतीचा काही करंट वाट सोडून जमिनीत पसरणार आणि नाजूक सुया हलवणार. म्हणून खाडीपलीकडे अलिबागला चुंबकीय गुण नसलेल्या दगडाची नवी इमारत उभी राहिली. १९०४ पासून तिथं नोंदी सुरू झाल्या. जुन्या-नव्या नोंदी जुळाव्यात म्हणून १९०६ पर्यंत दोन्ही वेधशाळा एकदम चालल्या. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. अलिबागच्या नोंदी आजही चालू आहेत. वेधशाळा आता भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे आणि संस्थेचं मुख्यालय रायगड जिल्ह्यातच, पनवेलला आहे.

मूस यांना जी अडचण शहराच्या मापात दिसली, तीच आपल्या डब्यात सेंटिमीटरच्या मापात असते. डायोडमधून कंडेन्सर सेकंदाला शंभर वेळा भरतो, आणि प्रत्येक वेळी तो अगदी थोडा वेळ, लाटेच्या शिखराजवळ भरतो. सरासरी १ अँपिअर हवा असेल तर त्या क्षणांत ५ अँपिअरचा लोंढा येतो आणि तसाच मायनसच्या वायरीतून ट्रान्सफॉर्मरकडे परततो. साध्या बारीक वायरीच्या ३ सेंटिमीटर तुकड्याचा रेझिस्टन्स एक हजारांश ओहम असतो. एवढ्याशा तुकड्यात ५ अँपिअर वाहिले की त्याच्या दोन टोकांत ५ मिलिव्होल्टचा फरक पडतो. पडू दे, असं वाटेल. पण आपल्या इनपुटची मायनस वायर त्याच तुकड्यावर कुठेतरी सोल्डर मारलेली असेल, तर हे ५ मिलिव्होल्ट इनपुटमध्ये शिरतात. या आयसीचा गेन सुमारे ५१ डेसिबल, म्हणजे साडेतीनशे पटींच्या घरात. स्पीकरवर पावणेदोन व्होल्टची घूं तयार! एका चुकीच्या जागी मारलेल्या सोल्डरमुळे पाऊण वॉटपर्यंत आवाज, गाणं लावण्याआधीच.

उपाय फुकट आहे. फिल्टर कंडेन्सरचा मायनस पाय हे सगळ्या परतींचं एकच ठिकाण मानायचं. ट्रान्सफॉर्मरची मधली तार थेट तिथं. बोर्डाची मायनस तिथं. एकेरी जोडणी असेल तर स्पीकरची परतही तिथंच. इनपुटच्या शिल्डेड वायरची जाळी मात्र फक्त बोर्डावरच्या इनपुटच्या मायनसला, दुसरीकडे कुठे नाही. धातूच्या डब्याला मेनच्या अर्थिंगची हिरवी वायर पक्की बांधायची आणि डब्यापासून त्या एका ठिकाणी एकच वायर आणायची.

तरीही घूं राहिली तर ती कुठली, हे कान सांगतो. व्हॉल्यूम कमी ठेवून इनपुटच्या टोकाला बोट लावून पाहायचं. हे फक्त १२ व्होल्टच्या बाजूला; मेनच्या बाजूला हात न्यायचा नाही. बोट लावलं की स्पीकर खर्जात गुंजतो. भिंतींतल्या वायरिंगमधली ५० हर्ट्झ वीज आपलं शरीर अँटेनासारखं झेलतं, तिचाच हा आवाज. पुरवठ्यातून येणारी घूं १०० हर्ट्झची, म्हणजे बरोबर एक सप्तक वर. गाण्याचा थोडा कान असलेल्याला मोठ्या स्पीकरवर हा फरक ओळखू येतो : खालचा सूर असेल तर इनपुटची वायर उघडी आहे, वरचा असेल तर कंडेन्सर किंवा मायनसची वाट चुकली आहे. ट्रान्सफॉर्मर इनपुटपासून डब्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवला आणि थोडा फिरवून पाहिला, तरी उरलीसुरली घूं पुष्कळ कमी होते. आणि मोबाइल चार्जिंगला लावून गाणी वाजवत असाल, तर आधी चार्जर काढून बघा. निम्मे तंटे तिथेच मिटतात.

मोबाइल मुळातच जवळपास अर्धा व्होल्ट देतो. साडेतीनशे पट गेनच्या आयसीला ते अतोनात होतात. व्हॉल्यूमचा खुंटा शून्यावरून जरा हलवला की घर दणाणतं. इनपुटला १० किलोओहम सिरीजमध्ये आणि १ किलोओहम मायनसला जोडला की सिग्नल अकरावा हिस्सा होतो आणि खुंटा बराच जास्त फिरवता येतो. खर्च दोन रेझिस्टन्सचा.

बोटीवर सुचलेली युक्ती

इतका गेन असूनही आवाज बऱ्यापैकी शुद्ध कसा राहतो, याचं उत्तर एका प्रवासी बोटीवर सापडलं. हॅरॉल्ड ब्लॅक हा बेल लॅबोरेटरीजमधला तरुण इंजिनिअर रोज फेरीबोटीनं हडसन नदी ओलांडून न्यूयॉर्कला कामावर जात असे. टेलिफोनच्या लांब लाइनवर एकामागून एक अँप्लिफायर लागत आणि प्रत्येकाचा बिघाड पुढच्यात मिसळत जाई. त्यावर तो कित्येक वर्षं डोकं खपवत होता. २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी बोटीवर त्याला सुचलं : गेन गरजेपेक्षा कितीतरी जास्त ठेवायचा आणि आउटपुटचा थोडा भाग उलटा करून इनपुटला परत द्यायचा. जे मुळात नव्हतं आणि आउटपुटमध्ये आलं, ते स्वतःलाच खोडून काढेल. त्यानं हातातल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावरच आकृती आणि समीकरण लिहिलं. पेटंट मिळायला १९३७ उजाडलं. आज हा निगेटिव्ह फीडबॅक नसलेला घरगुती अँप्लिफायर विरळाच.

पण फीडबॅक फक्त आवाक्यातली चूक सुधारतो. आउटपुटला ८ व्होल्टची लाट हवी आणि पुरवठ्यात जागाच ५ व्होल्टची, तर लाटेचं डोकं सपाट कापलं जातं. तिथं फीडबॅक हतबल. यालाच आपण ‘आवाज फाटला’ म्हणतो. ढोलकीच्या थापेबरोबर आवाज फाटत असेल तर मीटर कंडेन्सरवर लावून बघावा. थापेसरशी १२ चे १० व्होल्ट होताना दिसले की समजायचं, आयसी बरोबर आहे, ट्रान्सफॉर्मर कमी पडतो आहे.

खारा वारा

पुण्यात बनवलेला अँप्लिफायर दहा वर्षं चालेल. तोच मुरुडला दोन पावसाळ्यांत खरखरू लागतो. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर आर्द्रता बहुतेक त्याच्या वरच असते. म्हणजे बोर्डावर बसलेला मिठाचा थर चार महिने ओला, आणि ओलं मीठ वीज वाहून नेतं. त्यातून व्हॉल्यूमच्या पॉटची खरखर, हिरवे पडलेले सॉकेट, आणि अॅल्युमिनियमला लोखंडी स्क्रू लागलेला असेल तिथं पांढरी पूड.

याची तयारी सोल्डर मारतानाच करायची. चांगला जोड चकचकीत असतो आणि कडेला उतरत जाऊन तांब्याला बिलगलेला दिसतो. मळकट, गोळीसारखा बसलेला जोड म्हणजे ड्राय सोल्डर. आज चालेल, ओल लागली की सोडेल. कथिल-शिशाचं ६३-३७ सोल्डर १८३ अंशांना वितळतं. २५ वॉटचं आयर्न पुरतं, फक्त आधी पाय आणि तांबं तापवायचं, मग सोल्डर लावायचं. काम झाल्यावर चिकट फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ब्रशनं धुवायचा, कारण मीठ त्यालाच आधी धरतं. वाळल्यावर तांब्याच्या बाजूला पारदर्शक वॉर्निशचा हात. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. पावसाळ्यात रोज तासभर अँप्लिफायर चालू ठेवला तर आतली ऊब ओल बसू देत नाही.

किनाऱ्यावर या आयसीचा एक गुण कामी येतो : तिचा जन्म गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीसाठीच झालेला आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, मुरुड, अलिबागकडे विजेचे खांब आडवे झाले आणि अनेक गावं कितीतरी दिवस अंधारात राहिली. यूपीएसमधली ७ अँपिअर-अवरची छोटी बॅटरी घरच्या आवाजात हा अँप्लिफायर आठ-दहा तास सहज चालवते. बॅटरीच्या प्लस वायरला ३ अँपिअरचा फ्यूज मात्र हवाच. शॉर्ट झालेली बॅटरी वायर पेटवते. बॅटरीचा आणखी एक उपयोग : तिच्यात ५० नाही, १०० नाही. बॅटरीवर घूं गेली आणि मेनवर परत आली, तर दोष पुरवठ्यात आहे हे सिद्ध झालं.

अलीकडे टीपीए३११६ सारखे क्लास डी बोर्ड मिळतात. ते विजेचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग स्पीकरला देतात, तापत नाहीत, बॅटरी जास्त पुरवतात. मात्र ते आतून काही लाख हर्ट्झवर फटाफट चालू-बंद होत असतात. शेजारी मीडियम वेव्हवर ५५८ किलोहर्ट्झला अस्मिता वाहिनी ऐकणारं कुणी असेल, तर त्यांच्या रेडिओपासून हा बोर्ड लांब ठेवलेला बरा.

डबा

उघडा स्पीकर टेबलावर ठेवून वाजवला की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. कोन पुढे जातो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. १०० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळपास साडेतीन मीटर. तिला सहा इंची स्पीकरला वळसा घालायला कितीसा वेळ? पुढची दाबलेली हवा मागच्या पोकळीत मिसळते आणि बेस मरतो. डबा पुढच्या-मागच्या हवेची ताटातूट करतो, बस. म्हणून गावोगावी स्पीकर माठाच्या तोंडावर बसवलेले दिसतात. ते अडाण्याचं काम नाही, माठ उत्तम बंद डबा आहे. गोल असल्यानं थरथरतही नाही. त्याचा दोष एकच, आतली हवा एका ठरावीक सुरावर घुमते. आत जुन्या उशीचा कापूस सैल भरला की घुमणं आवरतं. लाकडाचा करायचा तर १८ मिलिमीटरचं प्लाय, सांध्यांना फेव्हिकॉल आणि प्रत्येक फट बुजवलेली. बोटानं टिचकी मारली की डबा ‘टक’ म्हणाला पाहिजे, ‘ढब’ नाही.

ऐकणं

तपासणी ओळखीच्या आवाजांवर करावी. पहिली पायरी, काहीच न लावता, रात्री, स्पीकरपासून हातभर अंतरावर कान. मंद सळसळ चालेल, घूं नाही. दुसरी, एकट्या माणसाचा आवाज : बातम्या किंवा कीर्तन. ‘स’ आणि ‘श’ वेगळे ऐकू आले पाहिजेत आणि बोलणारा सर्दी झाल्यासारखा वाटता कामा नये. तिसरी, टाळ. भजनातल्या टाळांची झिणझिण कित्येक हजार हर्ट्झपर्यंत जाते. प्रत्येक टाळ ‘छक्’ होऊन थांबत असेल तर वरचे सूर कापले जाताहेत. झंकार विरत जाताना ऐकू आला तर स्पीकर बरा आहे. चौथी, तंबोरा, कारण त्यात सतत बदलणारे कितीतरी सूर एकदम असतात आणि फाटलेला आवाज त्यात ताबडतोब खरखरतो. शेवटी कोळी लग्नातला ब्रास बँड, जरा मोठ्यानं. ट्रम्पेट आणि ढोल एकदम आले की पुरवठ्याचा कस लागतो.

बेस आणि ट्रेबलचे खुंटे आधी मध्यावर ठेवावेत. खोलीचंही ऐकावं लागतं : स्लॅबच्या रिकाम्या खोलीत टाळी वाजवली की भिंतीभिंतींत टणटण होते, तिथं कितीही भारी आयसी कर्कशच वाटणार. एक जाड पडदा आणि भिंतीला लागून कपड्यांचं कपाट हे ट्रेबलच्या खुंट्यापेक्षा जास्त काम करतं. कायद्यानं निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. त्यामुळे खिडक्या उघड्या ठेवून राहणाऱ्या किनाऱ्यावरच्या घराला ३ वॉट पुरेसे आहेतच, कधीकधी जास्तच.

हा संसार नीट बसल्यावर हाती पाचशे रुपये आले, तर ते आधी स्पीकरवर खर्च करावेत, मग ट्रान्सफॉर्मरवर, मग डब्याच्या लाकडावर. या तिन्हींत सुधारणा करून झाल्यावरही मन भरलं नाही, तर मग आयसी बदलायचा विचार करावा. तोवर बहुतेकांना त्याची गरज वाटत नाही.